देव्हाऱ्यातली चकती

माझा धंदा डब्यांचा. वाशीममध्ये कोणी विचारलं की मी एवढंच सांगते, कारण पुढचं सांगायला गेलं की समोरच्याच्या तोंडावर जी दया येते ती मला सोसत नाही. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आईची पिठाची गिरणी आहे. सकाळपासून लोकांचे डबे ओळीनं लागतात, त्यामुळे मावशीनं एकदा भर पंगतीत विचारलं होतं की एवढं शिकून शेवटी तूही डबेच का? म्हटलं, हो बाप्पा, डबेच. फक्त माझ्या डब्यात पीठ नसतं.

माझ्या डब्यात रेडिओलहर असते. धातूचा बंद डबा, आत हवा नाही, उजेड नाही. त्यात एका ठरावीक सुराची लहर सोडायची, मग तोटी बंद करायची आणि ती किती वेळ टिकते ते बघत बसायचं. भिंती लहर खातात. साधं तांबं भराभर खातं. अतिवाहक पदार्थ पुरेसा गार केला, की तो जवळजवळ उपाशीच राहतो. डब्याचा तळ काढता येतो आणि तिथे जिची परीक्षा घ्यायची ती चकती बसते. चकती तांब्याची, पण तिच्यावर अतिवाहकाचा थर दिलेला असतो, केसाहून कितीतरी पातळ. लहर किती टिकली यावरून तो थर खरा की खोटा ते कळतं. असे डबे मी आखते. आणि थर द्यायचं काम माझ्या धाकट्या भावाचं होतं, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या प्रयोगशाळेत.

त्याचं म्हणणं असं होतं की एकच जाड थर देण्यापेक्षा पातळ पातळ थर एकावर एक द्यावेत, मधेमधे वीज अडवणारा थर घालावा, म्हणजे लहर फार कमी खाल्ली जाते. त्यांच्याकडे मापलं तेव्हा तसं काही निघालं नाही. चकत्या लहर खात होत्या. मग सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की थर देताना घाण राहते. त्याच्या साहेबानं सगळ्यांसमोर त्याला निष्काळजी म्हटलं. हा शब्द त्यानं मला फोनवर सांगितला तेव्हा तो हसत होता, पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. शाळेत मार खाऊन आला की असाच हसायचा.

“ताई,” तो म्हणाला, “चकती खोटी नाई. डबा खोटं बोलून राह्यला.”

त्याचा मुद्दा बिनतोड होता. त्यांच्या डब्यात प्रवाह तळाच्या सांध्यावरून जायचा. सांधा लहर खायचा आणि बिल चकतीच्या नावावर फाटायचं. त्याला असा डबा हवा होता की ज्यात सांध्याचा संबंधच येणार नाही. पण मुद्दा बिनतोड असला म्हणून चकती चांगली ठरत नाही. त्याचा थरही वाईट असू शकत होता आणि सांधाही. मापणाऱ्यानं आधीच काही मानायचं नसतं. हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, मानू नको, माप. त्याच दिवशी मी नवा डबा आखायला घेतला. तो सुटीत घरी येताना त्याची सगळ्यांत चांगली चकती बरोबर आणणार होता, मी मागाहून येणार होते, आणि चकती माझ्या हातात द्यायचं ठरलं होतं.

मी पोचायच्या आत तो गेला. सुटीवर घरी आलेलाच होता, अनसिंगहून दिवेलागणीला मोटारसायकलवर परत येत होता. रस्त्यावर एक ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, काही नाही. याच्यापलीकडे त्या संध्याकाळबद्दल मी लिहिणार नाही.

त्याच्या प्रयोगशाळेनं त्याचं टेबल आवरलं. बाकीच्या चकत्या घासून पुन्हा वापरायला घेतल्या. तसंच करतात, चांगलं तांबं कोण फेकतं? म्हणजे जगात त्याच्या हातची एकच चकती उरली होती, जी त्यानं घरी आणली होती, आणि ती सापडत नव्हती. सापडली तर तो खरा होता की नाही ते कळलं असतं. नाही सापडली तर तो कायमचा निष्काळजी. मी त्याची बॅग उलटी केली, कपाटं पालथी घातली, त्याच्या साहेबाला पत्रं लिहून त्याला वात आणला. आईला विचारलं तर ती म्हणाली, “कोनती चकती? म्या नाई पाह्यली.” खोटं नव्हती बोलत. तिच्या लेखी ती चकती नव्हतीच, हे मला फार उशिरा कळलं.

आई एकटी पडली म्हणून मी वाशीमला राहायला आले. डबा कागदावर, म्हणजे कॉम्प्युटरवर आखायचा असतो, त्याला वाशीम काय आणि पॅरिस काय. लाईन जायची तेवढा त्रास. गणित अर्ध्यावर आलं की लाईन हमखास जायची. मी त्याच्या खोलीत बसायचे, त्याच्या टेबलापाशी. दाराआड त्याचं जर्किन लटकलेलं होतं. ते काढायचं धैर्य दोघींत नव्हतं. पंख्याच्या वाऱ्यानं त्याची बाही हलायची, आणि दर वेळी माझी मान वळायची. दर वेळी. शेवटी मी पाठ फिरवून बसायला लागले, तर ते त्याहून वाईट झालं.

डबा आखताना एका सुरानं मला छळलं. सांधा टाळायचा तर लहरीचा एक खास प्रकार लागतो. त्यात तळावरचा प्रवाह जात्यासारखा गोल गोल फिरतो आणि सांधा ओलांडतच नाही. पण गोल डब्यात नेमक्या त्याच सुरावर दुसरा एक प्रकार बसलेला असतो, जुळा. तो सांधा ओलांडतो. दोघांचा सूर एकच, त्यामुळे आपण ऐकतोय तो आपला की त्याचा जुळा, हे कळायला मार्ग नाही. कडेला एक खाच पाडून जुळ्याचा सूर बाजूला सरकवावा लागतो. मी खाच इथे पाडून बघत होते, तिथे पाडून बघत होते, आणि तेवढ्यात गिरणी बंद व्हायची.

गिरणी चालू असेपर्यंत बाहेरचं काही ऐकू येत नाही. बंद झाली की गल्लीतलं सगळं आत येतं. मागच्या गल्लीतल्या एका माणसाकडे अगदी त्याच्यासारखीच मोटारसायकल आहे. संध्याकाळी ती यायची आणि आई पिठाच्या हातांनी उठून दारात जायची. मला माहीत असायचं की तो दुसरा कोणी आहे. पण खरं सांगते, मीही खुर्चीवरून अर्धी उठलेली असायचे. दोघी एकमेकींकडे बघायचो नाही. आवाज पुढे निघून जायचा, आई गिरणी पुसायला लागायची. गल्लीतल्या त्या जुळ्याला बाजूला सरकवायची खाच मला काही सापडली नाही.

पावसाळ्यात आईला ताप भरला आणि तिनं मला देवापाशी दिवा लावायला सांगितलं. आमचा देव्हारा भिंतीतल्या कपाटात आहे, दार लावलेला. मी काही पूजेबिजेतली नाही, घरी येऊन एवढे महिने झाले तरी ते दार मी उघडलं नव्हतं. उघडलं, तर वडिलांच्या टाकाशेजारी, छोट्या लाल कापडावर, ती चकती. मधोमध गंध लावलेलं.

अकाली गेलेल्या माणसाचा आमच्याकडे टाक करतात. चांदीच्या पत्र्यावर छोटी आकृती उठवतात आणि देवांत बसवतात. वडील लवकर गेले, त्यांचा तसा आहे. भावाचा आईनं करून घेतला नव्हता, आणि आता मला कळलं का. माझं डोकंच फिरलं. तापात पडलेल्या बाईसमोर जाऊन मी काय काय बोलले! या एका तुकड्यापायी मी घर खणून काढलं, आणि तू त्याला गंधं लावत बसलीस? आमच्या प्रयोगशाळेत या थराला हातमोजे घातल्याशिवाय कोणी शिवत नाही, त्याच्यावर उच्छ्वास पडू देत नाही, आणि इथे गिरणीची धूळ, उदबत्तीचा धूर, रोज अंघोळी! तू त्याची शेवटची साक्ष पुसून टाकलीस, असंही मी म्हणाले.

आई अंथरुणात उठून बसली. मग म्हणाली, “सोनार म्हने करून देतो टाक. म्या म्हनलं, पोरानं त्याचा टाक सोताच्या हातानं घडवून ठेवला, तू आनखी काय घडवतं?” आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

त्यानंतर बरेच दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. चकती गेली असं मी धरून चालले. तरी डबा सोडवेना. मेलेल्या कामाला कोणी असं चिकटून बसतं का? मी बसले. खाच जमली. जुळा सूर लांब सरकला, आपला सूर एकटा उरला. मग बाजारामागच्या लेथवाल्या चाचांकडून चकतीच्या मापाची कोरी तांब्याची चकती करून घेतली, पुढे डबा घडवला की तो नीट मिटतो का ते बघायला. भावाची मूळ चकतीही त्यांनीच कातली होती, एका सुटीत. चाचांनी तांबं यंत्रावर चढवलं आणि बराच वेळ यंत्र सुरूच केलं नाही. म्हणाले, “बेटा, वो यहीं खडा रहता था.” मी तिथून दोन पावलं बाजूला झाले.

कोरी चकती घेऊन घरी येताना मनात एक पाप आलंच. ही ठेवायची, ती उचलायची, वर गंध लावून द्यायचं. आईला काय कळणार? पण तिला कळलं असतं. आणि नसतं कळलं, तर ती रोज एका कोऱ्या तांब्याला त्याच्या नावानं दिवा दाखवत राहिली असती, आणि ते बघायला मी त्याच घरात असते.

म्हणून सरळ जाऊन विचारलं, की चकतीची जाडी मापायची आहे, जरा काढून देतेस का. आईनं हात धुतले, पदराला पुसले, आणि चकती उचलली. उचलली कशी? दोन हातांच्या नखांनी, कडेला धरून. वरच्या चकाकीला कुठेही बोट न लावता. आमच्याकडे नवीन पोरांना हे शिकवायला महिने जातात.

मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं?

“त्यानंच,” ती म्हणाली. “आला त्या दिवशी म्या पाहाले हातात घेतली तं केवढा खेकसला मावर. आई, कडेनं धर, वर बोट लागलं का गेली ते कामातून, म्हने. मंग तवापासून कडेनंच धरनं हाये.”

मग मी एकेक विचारत गेले. अंघोळ? बापाला रोज घालते, याला नाही, पाणी लावू नको म्हणाला होता. उदबत्ती? त्याला धुराचा त्रास व्हायचा, म्हणून दाराबाहेर लावते. पुसतेस कशानं? पुसतच नाही, वरून मलमलचं कापड झाकून ठेवते. आणि गंध? गंध मात्र काडीनं, एक टिपका, मधोमध. तेवढं तर पाहिजेच ना त्याला, ती म्हणाली. वर्ष होऊन गेलं होतं. एवढ्या काळात तिनं एकदाही त्याच्यावर बोट टेकवलं नव्हतं.

माझ्या डब्यात प्रवाह गोल फिरतो तो मधल्या पट्ट्यात. कडेला तो शून्य असतो आणि बरोब्बर मध्यावरही शून्य. आईची नखं लागली ती कडेला, आणि गंध मध्यावर. माझा डबा ज्या दोन जागी आंधळा होता तेवढ्याच जागांना घरानं स्पर्श केला होता. मी हसायला लागले, मग रडायला लागले, आणि आईला वाटलं माझ्या अंगात काही आलं. ती बिचारी घाबरून पाणी घेऊन आली.

मी तिला सगळं सांगितलं. निष्काळजी हा शब्दही. तो तिला माहीत नव्हता. ऐकून तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, का सांगितलं. मग तिनं विचारलं, त्याला कुठे ठेवशील? मी म्हटलं, डब्यात. डबा बंद करून हवा काढून घ्यायची, आणि मग गार करायचं. किती गार? मी म्हटलं, बर्फ त्याच्यापुढे निखारा वाटेल इतकं.

“बिना हवेचं? अन् एवढ्या थंडीत?” आई म्हणाली. “त्याले थंडी सहन नाई होत वं.”

मग दुपारभर तिनं गिरणी चालवली. संध्याकाळी, चकती ज्यात घालून त्यानं घरी आणली होती ती त्याची स्टीलची डबी तिनं काढली, आत मलमल घातली, कडेनं धरून चकती ठेवली, आणि आखाजीला तो घरी पाहिजे एवढीच अट घातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांना जेवू घालतात. त्या दिवशी त्यानं परक्या गावी उपाशी असू नये असं तिचं म्हणणं होतं. मी शब्द दिला.

वाशीम स्टेशनवरून निघाले ते ती डबी मांडीवर घेऊन. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, डब्यात काय आहे. मी म्हटलं, भाऊ. तिनं जागा बदलली.

माझ्या संस्थेत डबा तयार व्हायला महिने गेले. चकती बसवून मिटला, हवा काढली, गार करायला लागलो. दुपारची वेळ होती, आम्ही तिघं-चौघं पडद्याकडे बघत होतो. तापमान उतरत होतं आणि लहर तांब्यासारखी भराभर मरत होती. सोडली की मेली. सोडली की मेली. मी मापणारी बाई, काही न मानणारी, आणि मनात म्हणत होते, बोल रे बाबा. मग एका तापमानाला उडी आली, थर अतिवाहक झाला. तोटी बंद केली आणि लहर मरेना. रेघ पडद्यावर आडवी चालली, चालली, चालतच राहिली. कोणीतरी माझ्यामागे उभं राहून श्वास घेतोय असं मला अगदी स्पष्ट वाटलं. मी वळले नाही. वळले असते तर तिथे भिंत दिसली असती, आणि ती मला तेव्हा बघायची नव्हती.

आकडे सगळे बसले. तो म्हणाला होता तसंच. चकती खोटी नव्हती, पोरगा निष्काळजी नव्हता.

आमचे वरिष्ठ चांगले माणूस आहेत. त्यांनी आधी खांद्यावर हात ठेवला आणि मग जे बोलायला हवं तेच बोलले. एकदा मापलं म्हणजे मापलं नव्हे. चकती काढून, पुन्हा बसवून, पुन्हा गार करायची. मग दुसऱ्या कोणी, दुसऱ्या डब्यात. तोवर कुठे छापायचं नाही, त्याच्या साहेबाला कळवायचं नाही. दुसऱ्याच्या भावाची चकती असती तर मीही शब्दन् शब्द हेच सांगितलं असतं. पण गार करायला लागणारा पुढचा हेलियम आखाजीनंतर येणार होता. मी म्हटलं, घेऊन जाते आणि लगेच परत आणते. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, कोणाचा हात लागू देऊ नका.

आखाजीच्या आदल्या दिवशी घरी पोचले. आईनं माठ धुऊन ठेवला होता, शेवया वाळल्या होत्या, गिरणी बंद होती. तिनं डबी घेतली, देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवली, उघडली. मी सांगितलं, तुझा पोरगा खरा निघाला. आता आणखी एकदा मापायचं आहे, मग सगळ्यांना कळवू, असंही सांगायचं होतं. तिनं मधेच विचारलं.

“म्हंजे काम झालं त्याचं?”

“झालं.”

“मंग आता हात लावू का त्याले?”

तो गेला तेव्हा दवाखान्यातून त्याला कापडात शिवून आणलं होतं. तोंड तेवढं उघडं होतं, आणि आईला चौघींनी मागे धरून ठेवलं होतं. हात लावू नका, हात लावू नका, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते.

आताही मी नको म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं. नखांनी धरून परत ठेवली असती, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं असतं. आणि हो म्हटलं, तर दुसऱ्यांदा मापायला काही उरणार नव्हतं. माझ्या एकटीच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं, बहिणीनं मापलं म्हटल्यावर तर नाहीच. त्याच्या साहेबाच्या तोंडी तो शब्द तसाच राहणार होता. आईचा हात चकतीच्या वर थांबलेला होता, बोटांच्या भेगांत पीठ होतं.

“लाव,” मी म्हणाले.

तिनं अख्खा तळवा टेकवला. मग बोटं हळूहळू फिरवली, मधून कडेकडे, कडेहून मधे. तो गोल पट्टा, जिथे माझा सगळा प्रवाह फिरला होता, तिथून तिची बोटं परत परत गेली. मी तोंडात पदर कोंबून बसले होते. आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती जरा हसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“किती गुळगुळीत लागते वं. दाढी करून आला.”